मागच्या हौसिंगमधली भानगड: डिफरन्शियलबद्दल सारखे येणारे प्रश्न

पिकअप, जीप, टेम्पो, ट्रॅक्टरवाल्यांकडून तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. हौसिंग म्हणजे डिफरन्शियल ज्यात बसतं ते कवच, मागच्या एक्सलच्या मधला गोळा. आधी साधे प्रश्न, मग किचकट. आणि एक आधीच सांगतो, डिफरन्शियल सहसा आपणहून मरत नाही, त्याला तहानेने किंवा पाण्याने मारलं जातं. त्यामुळे फिरून फिरून ऑईल, सील आणि ब्रीदरचाच (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारी टोपी) विषय निघाला तर वैतागू नका.

१. डिफरन्शियल नक्की करतं काय? नसलं तर काय बिघडतं?

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर धरा, एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४.४ मीटर जास्त पळतं, मग यू-टर्न छोटा घ्या नाहीतर मोठा. बैलगाडीची चाकं आखावर सुटी फिरतात, तिथे हा प्रश्नच येत नाही, पण इंजिनाने दोन्ही चाकं फिरवायची आणि तरी दोघांना वेगवेगळ्या वेगाने पळू द्यायचं म्हटलं की मधे काहीतरी पाहिजे. नसलं तर प्रत्येक वळणावर एक चाक घासत जाणार, टायर खाणार, स्टेरिंग जड होणार आणि शेवटी एक्सल पिळवटणार.

आतली रचना अशी: गियरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियन नावाच्या छोट्या गियरला फिरवतो, पिनियन क्राऊन नावाच्या मोठ्या गियरला, क्राऊन केजला म्हणजे पिंजऱ्याला बोल्ट केलेला असतो, केजच्या आत छोटे स्पायडर गियर आणि त्यांना भिडलेले दोन साईड गियर, साईड गियरमधून एक्सल. गाडी सरळ चालली असताना स्पायडर स्वतःभोवती फिरतच नाहीत, सगळा गोळा एकत्र फिरतो. वळलात की स्पायडर फिरायला लागतात, एका चाकाचा वेग जितका कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो. ही कल्पना जुनी आहे, फ्रान्समधल्या पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट घेतलं होतं, म्हणजे पेट्रोल गाड्या यायच्या कितीतरी आधी.

२. माझ्या गाडीला मागे गोळाच नाही, म्हणजे डिफरन्शियल नाही का?

आहे, पुढे आहे. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते गियरबॉक्सच्याच केसिंगमधे बसवलेलं असतं आणि सहसा गियरबॉक्सचंच ऑईल त्यालाही पुरतं. रिक्षातही ते गियरबॉक्ससोबतच असतं. इलेक्ट्रिक कारमधे एकच मोटर दोन चाकं फिरवत असेल तर तिथेही डिफरन्शियल लागतंच. ईको, बोलेरो, पिकअप, ट्रक यांना मागे वेगळं हौसिंग असतं आणि खालची बरीचशी उत्तरं त्या वेगळ्या हौसिंगवाल्यांसाठी आहेत.

३. "४१ बाय १०" क्राऊन म्हणजे काय? बदलला तर ॲव्हरेज वाढतं का?

क्राऊनला ४१ दात, पिनियनला १०, म्हणजे रेशो ४.१. शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ४१ बाय ११ टाकला तर रेशो ३.७३ होतो, त्याच स्पीडला इंजिन साधारण ९ टक्के कमी फिरतं, रिकाम्या गाडीला हायवेवर बरं वाटतं. पण लोड घेऊन खंबाटकी चढायला लागलात की दुसऱ्याऐवजी पहिला टाकावा लागतो आणि जे वाचलं ते क्लचप्लेटमधे जातं. मालवाहू गाडीला हा उद्योग करू नये असं माझं मत. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) असेल तर पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे, नाहीतर १७ व्या प्रश्नात लिहिलेली भानगड सरळ रस्त्यावरच सुरू होईल.

४. ऑईल कुठलं टाकायचं? दुकानदार म्हणतो ९० नंबर म्हणजे ९० नंबर.

नाही, ९० हा फक्त जाडपणा झाला. डब्यावर अजून एक गोष्ट बघायची, ऑईलची प्रतवारी, जीएल-४ का जीएल-५.

बहुतेक गाड्यांच्या मागच्या हौसिंगमधे हायपॉइड क्राऊन-पिनियन असतं, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसून थोडं खाली सरकवलेलं असतं. फायदा असा की शाफ्ट खाली येतो, दात मोठे आणि मजबूत मिळतात, आवाज कमी होतो. तोटा असा की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर घासत सरकतात, आणि इतक्या दाबाखाली साध्या ऑईलचा थर पुसला जातो. म्हणून जीएल-५ मधे गंधक आणि फॉस्फरसवाली द्रव्यं जास्त प्रमाणात असतात, ती दाताच्या पृष्ठभागावर थर धरतात आणि लोखंडाला लोखंड लागू देत नाहीत. गियर ऑईलचा तो नाकात बसणारा वास बराचसा त्या गंधकाचाच.

आता उलटी चूक. हौसिंगचं चांगलं ऑईल उरलं म्हणून तेच गियरबॉक्समधे ओतणारे खूप आहेत. गियरबॉक्समधे गियर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग असतात, त्यांना काही जीएल-५ ऑईल बाधतं, शिवाय रिंगला पकडायला जी थोडी घासण लागते तीही कमी होते आणि गियर अडकत पडतो. त्यामुळे मॅन्युअलमधे गियरबॉक्सला जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४, हौसिंगला जीएल-५ लिहिलं असेल तर जीएल-५, उगाच भेळ करू नका. ८०डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४० हेही मॅन्युअलवर सोडा, "लोड जास्त आहे म्हणून जाड टाका" हा सल्ला सरसकट खरा नाही. लॉकिंगवाल्या हौसिंगसाठी १६ वा प्रश्न बघा.

५. इंजिन ऑईल ४० नंबर आणि हे ९०, म्हणजे दुप्पट जाड ना?

नाही. दोन्हीच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० नंबर गियर ऑईल गरम असताना साधारण ४०-५० नंबर इंजिन ऑईलइतकंच जाड असतं. पण म्हणून इंजिन ऑईल हौसिंगमधे ओतायचं नाही, वरच्या उत्तरातली द्रव्यं त्यात त्या प्रमाणात नसतात.

६. किती किलोमीटरला बदलायचं? मेकॅनिक म्हणतो लाइफटाइम असतं.

कुणाचं लाइफ ते विचारा. मॅन्युअलमधला आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो पाळा. मी स्वतः मालवाहू गाडीला ४० हजारच्या पुढे जाऊ देत नाही, आणि नवीन गाडी किंवा नवीन क्राऊन-पिनियन असेल तर पहिलं ऑईल लवकर काढतो कारण दात एकमेकांवर बसताना जो बारीक चुरा निघतो तो त्यातच फिरत असतो. कायम ओव्हरलोड, घाट, चिखल, ट्रॉली ओढणं असेल तर मॅन्युअलमधलं कडक वापराचं वेळापत्रक धरायचं. गाडी पाण्यातून गेली असेल तर किलोमीटर विसरा, थेट १० व्या प्रश्नावर जा.

इंजिन ऑईलसारखं याला फिल्टर नसतो हे लक्षात घ्या. जे काही झिजतं ते तळाशी किंवा चुंबकावर बसतं नाहीतर बेअरिंगमधून फिरत राहतं.

७. लेव्हल घरी कशी बघायची?

गाडी सपाट जागेवर, थोडा वेळ उभी राहिलेली. हौसिंगला दोन प्लग असतात, एक साधारण मध्यावर भरायचा आणि एक तळाला काढायचा. आधी वरचा खोला, ही सवयच लावून घ्या, कारण खालचा खोलून सगळं ऑईल सांडलं आणि मग कळलं की वरचा गंजून जाम झालाय, तर गाडी तिथेच उभी.

खोलायच्या आधी प्लगभोवतीची माती ब्रशने साफ करा नाहीतर ती आतच जाणार. मग करंगळी भोकात घालून वाकवा. भोकाच्या खालच्या काठाला बोट लगेच भिजलं तर लेव्हल बरोबर. बोट वाकवून आत खाली न्यावं लागलं तर कमी आहे. प्लग सैल करताच ऑईल वाहायला लागलं तर जास्त भरलंय, ते वाहून जाऊ द्या. बोटावरचं ऑईल पांढऱ्या फडक्यावर पुसून बघा, तपकिरी किंवा काळसर चालतं, दुधी किंवा कॉफीच्या रंगाचं म्हणजे आत पाणी आहे.

जास्त भरलं तर काय होतं हेही सारखं विचारतात. क्राऊन ऑईल घुसळतो, फेस होतो, तापतं, आणि फेस झालेलं ऑईल दाताला धड लागत नाही, वर सीलवर दाब येतो. "थोडं जास्त असलेलं बरं" हे इथे चालत नाही.

८. काढायच्या प्लगच्या चुंबकाला काळा गाळ लागलाय, क्राऊन गेला का?

गाळ चिमटीत घेऊन चोळा. लोण्यासारखा मऊ, करडा-काळा, कण हाताला लागत नाहीत, तर ती नेहमीची झीज आहे, पुसून प्लग लावा. बोटाला टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गाडी चालवू नका, हौसिंग खोला. पापुद्रे बऱ्याचदा बेअरिंगचे असतात आणि नुसतं बेअरिंग वेळेत बदललं तर क्राऊन-पिनियन वाचतं.

९. पिनियनचं सील बदललं, महिन्याभरात परत गळायला लागलं. सील डुप्लिकेट होतं का?

असेलही, पण आधी ब्रीदर बघा. हौसिंगच्या वर एक छोटी टोपी किंवा नळी असते. गाडी चालली की आतलं ऑईल आणि हवा तापते, हवा फुगते, ती त्या ब्रीदरमधून बाहेर पडते. तिथे चिखल सुकून बसला की हवेला वाट नाही, मग ती सगळ्यात कमजोर जागेतून म्हणजे सीलमधून ऑईल ढकलते. लोक तीन-तीन सील बदलतात आणि टोपी कुणी हातानं फिरवून बघत नाही. ती सुटी हलली पाहिजे, नळी असेल तर काढून हवा मारा.

दुसरं कारण, ज्या फ्लँजवर सीलची कड बसते तिथे चर पडलेली असते. नवं सील त्याच चरीत बसतं आणि गळतं. नखाने चाचपून बघा, नख अडकत असेल तर फ्लँज बदला. तिसरं, पिनियनचं बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट डुलतो आणि कुठलंच सील टिकत नाही.

सील बदलताना पिनियनचा नट खोलावा लागतो आणि इथे खरी गोम आहे. बऱ्याच गाड्यांत आत दाबली जाणारी स्लीव्ह असते, नट आवळला की ती चेपते आणि त्यावरून बेअरिंगचा ताण ठरतो. मेकॅनिकने हातात मोठा पाइप घेऊन "फुल टाइट" केलं तर बेअरिंग जळणार, आणि जास्त आवळलेला नट मागे घेऊन काही होत नाही कारण स्लीव्ह परत फुगत नाही, नवीच टाकावी लागते. तुमच्या गाडीला स्लीव्ह आहे की शिम (पातळ चकत्या), आणि ताण किती, हे मॅन्युअलमधे बघूनच नट आवळू द्या.

गळती चाकाच्या बाजूला असेल तर ती आणखी वाईट, ऑईल ड्रममधे जाऊन ब्रेक शू भिजतो आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. तिथे नुसतं सील बदलून शू पुसून परत लावू नका, भिजलेला शू बदला.

१०. गाडी पुराच्या पाण्यातून काढली, इंजिनात पाणी गेलं नाही. मग हौसिंगचं बघायची गरज आहे का?

आहे, आणि लगेच. चालून आलेलं हौसिंग गरम असतं, ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि त्या ओढीने ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत जातं. म्हणजे दोन मिनिटांचं पाणीसुद्धा पुरतं. २०१९ च्या ऑगस्टमधे कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ च्या जुलैमधे चिपळूणला आलेल्या पुरासारखं असेल, गाडी तासन् तास पाण्यात उभी, तर चर्चाच नको. लोक इंजिन, वायरिंग, सीट यांच्या मागे लागतात, हौसिंग विसरतात आणि पुढच्या दिवाळीत बेअरिंग ओरडायला लागतं, तोवर पुराशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

ऑईल काढा. दुधी निघालं तर स्वस्तातलं पण त्याच ग्रेडचं ऑईल भरून थोडी गाडी फिरवा, तेही काढा, स्वच्छ निघेपर्यंत करा, मग कायमचं भरा. डिझेलने धुऊन तसंच ठेवण्याचा प्रकार मला पटत नाही, कोपऱ्यात डिझेल राहतं आणि नवं ऑईल पातळ करतं. कायम पाण्यातून जाणं-येणं असेल तर ब्रीदरला नळी जोडून वर चेसिसपर्यंत न्या, दोन-पाचशेच्या आत होणारं काम आहे.

११. मागून हूंऽऽ असा आवाज येतो. डिफरन्शियलच आहे हे कसं ओळखू?

आधी टायर वगळा. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर टायरवर संशय घ्या. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, आवाज येतो त्या स्पीडला क्षणभर न्यूट्रल करून बघा. आवाज जसाच्या तसा राहिला तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग. उतारावर हा प्रयोग करायचा नाही. घाटात तर विचारही नको.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर हूं येतो, सोडल्यावर जातो, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची ओढणारी बाजू किंवा सेटिंग. उलट, सोडल्यावरच येतो आणि दाबला की बंद, तर दातांची दुसरी बाजू किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं. दाबा, सोडा, काही फरक नाही आणि स्पीडबरोबर गुरगुर वाढते, तर बेअरिंग.

सरळ चालताना गप्प आणि हळू, आवळ वळणात कटकट, तर स्पायडर गियर किंवा त्यांच्या मागचे वॉशर, कारण सरळ रस्त्यावर ते फिरतच नाहीत (प्रश्न १). मात्र वेगातल्या लांब वळणावर एकाच बाजूला वळताना आवाज वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, त्यामुळे बहुधा उजवं ओरडतं.

आवाज आला की पहिलं काम लेव्हल बघणं. पण कमी ऑईलवर आधीच बराच पळाला असाल तर ऑईल भरल्यावर आवाज थोडा दबतो, बरा होत नाही. आणि जाड ऑईल किंवा कुठलीशी पावडर टाकून आवाज दाबून गाडी विकणारे असतात, जुनी गाडी घेताना हौसिंगचा प्लग खोलून बघाच.

१२. गाडी सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना मागे "टक्" वाजतं.

नव्वद वेळा लोक क्राऊन म्हणतात आणि निघतो शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा. गाडीखाली जा (चाकाला दगड लावून, प्रश्न १९ वाचून), शाफ्ट हाताने डावा-उजवा पिळा आणि दुसरा हात क्रॉसवर ठेवा, तिथे खेळ जाणवला तर क्रॉस बदला. क्रॉस घट्ट आणि पिनियनच बराच फिरतो तर हौसिंग खोलावं लागेल. थोडा खेळ असतोच, तो शून्य करायला जाऊ नका.

१३. क्राऊनचा एक दात गेलाय. फक्त क्राऊन बदलला तर?

नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी केलेली असते, बऱ्याचदा दोघांवर जोडीचा नंबरही कोरलेला सापडतो. जोडी मोडली की पहिल्या दिवसापासून ओरडणार.

बसवणारा माणूस सेटिंग कसं करतो ते उभं राहून बघा. दाताला रंग लावून फिरवून ठसा बघतो का? ठसा दाताच्या साधारण मधोमध पडला पाहिजे, टोकाला किंवा मुळाशी नाही. दातांमधला खेळ डायल लावून मोजतो का? तो साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. "हाताला कळतं" म्हणणारे उस्ताद आहेत, काहींना खरंच कळतं, पण माझ्या गाडीला मी डायल मागतो. जुन्या बाजारातून अख्खं हौसिंग आणणं कधीकधी परवडतं, फक्त दात मोजून रेशो जुळतो का ते आधी बघा.

१४. एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं चांगल्या जमिनीवर असून ढिम्म हलत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही, साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तो. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच जेमतेम मिळतो, आणि तेवढ्यात गाडी हलत नाही. रेस वाढवली की फक्त चाकाचा वेग वाढतो, खड्डा खोल होतो आणि आत बिचारे स्पायडर गियर जितके कधीच फिरत नाहीत तितके फिरतात. काही मिनिटं हे केलं तर त्यांची पिन जळू शकते.

रेस सोडा, फिरणाऱ्या चाकाखाली दगड, पोतं, उसाचं पाचट, जे मिळेल ते घाला. मागच्या चाकांवर चालणारी आणि हँडब्रेकही मागच्या चाकांनाच असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळू गाडी काढून बघा. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की त्याला जास्त जोर लागतो आणि तेवढाच दुसऱ्याला मिळतो. दर वेळी जमत नाही, पण बऱ्याचदा जमतं. बाहेर आलात की हँडब्रेक सोडायला विसरू नका.

१५. ट्रॅक्टरचं डिफ लॉक कधी दाबायचं?

ओल्या उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना एक चाक घसरायला लागलं की, किंबहुना घसरणार असं दिसलं की आधीच. चाक जोरात फिरत असताना पेडल दाबलं तर आतले दात किंवा पिन थडकून तुटतात, म्हणून क्लच दाबून चाकं थांबवा, लॉक टाका, मग सरळ निघा. वळायच्या आधी लॉक सोडायचंच. लॉक असताना ट्रॅक्टर वळायला मागत नाही, सरळ पुढे ढकलत जातो, आणि बांधाच्या किंवा विहिरीच्या कडेला हे महागात पडतं. डांबरी रस्त्यावर लॉकला हात लावू नका.

लॉक सुटत नसेल तर ते बऱ्याचदा पिळ पडल्यामुळे, स्टेरिंग थोडं डावं-उजवं करा, सुटतं. बऱ्याच ट्रॅक्टरमधे डिफरन्शियल, गियर आणि हायड्रॉलिकला एकच ऑईल असतं, तिथे ९० नंबर ओतायचं नाही, कंपनीने सांगितलेलंच.

१६. एलएसडी आणि लॉकिंग यात फरक काय, ऑईल वेगळं लागतं का?

एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू देत नाही, पण पूर्ण जखडत नाही. लॉकिंग दोघांना एकच करून टाकतं. गुरखाला पुढे-मागे हाताने टाकायचे लॉक मिळतात, तर थार, बोलेरोच्या काही मॉडेलला मागे येणारं मेकॅनिकल लॉक स्वतःहून लागतं, एक चाक ठराविक मर्यादेपेक्षा जास्त फिरलं की "थाड्" होऊन जखडतं. तो थाड् ऐकून घाबरून गाडी गॅरेजला नेणारे दर पावसाळ्यात असतात, तो आवाज नॉर्मल आहे.

क्लचप्लेटवाल्या एलएसडीला खास ऑईल किंवा त्यात घालायचं वेगळं द्रव्य लागतं. साधं जीएल-५ भरलं तर वळताना मागून थरथर येते. ऑईल बदलल्यावर नव्याने थरथर सुरू झाली असेल तर गियर खोलायच्या आधी ऑईलचा डबा तपासा.

१७. फोर बाय फोर टाकून हायवेला चालवली तर ग्रिप वाढेल ना?

कोरड्या रस्त्यावर नाही. पार्ट टाइम फोर बाय फोरमधे, म्हणजे लिव्हरने टाकायच्या प्रकारात, पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, तो फरक कुठे जिरवायचा? चिखलात चाक घसरून जिरतो. डांबरावर जिरत नाही, शाफ्टमधे पिळ साठतो, स्टेरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. अडकलाच तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पिळ उतरतो. ज्या गाड्यांत मधे तिसरं डिफरन्शियल किंवा क्लच असतो त्यांना हे लागू नाही.

१८. मागे एक टायर नवा, एक गुळगुळीत, किंवा स्टेपनी लहान मापाची. चालेल का?

पंक्चर दुकानापर्यंत चालेल. रोज नको. माप वेगळं असलं की सरळ रस्त्यावरही स्पायडर गियर सतत फिरत राहतात, त्यांना त्याची सवय नसते. एलएसडी किंवा लॉकिंग असेल तर हे आणखी लवकर बाधतं. एका एक्सलवर जोडी सारखी ठेवा, आणि हवाही.

१९. गाडी गियरमधे ठेवून मागचं एक चाक जॅकवर उचललं, तरी गाडी सरकली. असं कसं?

हे सगळ्यात धोक्याचं आहे म्हणून मुद्दाम वेगळं लिहितोय. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गियर टाकला की फक्त प्रॉपेलर शाफ्ट जखडला जातो, चाकं नाही. शाफ्ट आणि क्राऊन थांबलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं तितकंच मागे फिरू शकतं. उचललेलं चाक हवेत उलटं फिरलं की जमिनीवरचं चाक सरकायला मोकळं, आणि गाडी जॅकवरून उतरते. जुन्या काही जीपमधे हँडब्रेक चाकांना नसून शाफ्टवर असतो, तिथे हँडब्रेक ओढूनही तेच होतं.

म्हणून मागचं चाक उचलण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, उतारावर चाक उचलूच नका, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, हौसिंगखाली मजबूत स्टँड लागल्याशिवाय नाहीच.